तबकडीच्या शेवटी

सौंसर, २२ जून १९८६

मुकुंदा,

आशीर्वाद आहेतच, ते मोजत बसू नकोस. आधी कामाचं वाच.

दोन दिवसांत बोरगावचा चिंधू त्याचे लाउडस्पीकर दुरुस्तीला घेऊन तुझ्या दुकानात येईल. त्याच्याजवळ संत्र्याची जुनी पेटी दिली आहे. वर गावरान आंबे आहेत, खाली तणस, आणि तणसाखाली माझ्या जुन्या लुगड्यात गुंडाळलेली एक तबकडी. आंबे तुम्हा सगळ्यांना, तबकडी फक्त तुला.

तुला यातलं काही ठाऊक नसणार. याबद्दल बोलायचं नाही असं आपल्या दोन्ही घरांत ठरलं होतं, आणि तुझा बाप ठरलेलं पाळणारा माणूस होता. बेचाळीस साली मी अठरा वर्षांची होते, दिवाळीला माहेरी पांढुर्ण्याला आले होते. नागपूरला गाणी भरून घेणारी कंपनी उतरली आहे असं प्रभाकरदादाला, म्हणजे तुझ्या बापाला, कळलं. मावशीकडे जातो असं घरी सांगून तो मला घेऊन गेला. मी भुलाबाईचं गाणं गायले, माझं मीच जुळवलेलं. तबकडी निघाली तेव्हा तिच्यावर गाणारीचं नाव छापलं होतं ‘एक हौशी महिला’. सासरी बोभाटा नको म्हणून दादाने ते कबूल केलं होतं. मी कबूल केलं नव्हतं. गाणं संपल्याबरोबर मी त्या मायकासमोर मोठ्याने म्हटलं, “मी जयवंता. सौंसरची.” तो साहेब दचकला होता, मला अजून आठवतं.

सासरी कळायचं ते कळलंच. मामंजींनी तबकडी फोनोवर लावली, अर्ध्यातच सुई उचलली आणि आठ दिवसांत फोनो विकून टाकला. म्हणून शेवट मी स्वतः कधी ऐकला नाही. दादाने ऐकला होता. जाईपर्यंत तो मला सांगायचा, “आहे गं तुझं नाव, अगदी स्पष्ट आहे.”

आता इतक्या वर्षांनी का, असं विचारशील. आमच्या गणेश मंडळाचं यंदा पन्नासावं वर्ष. स्मरणिका निघते आहे. शेजारच्या कलाबाई मुलींच्या शाळेत शिकवतात, त्यांनी माझ्यावर चार ओळी लिहून दिल्या. मंडळाचे अध्यक्ष आमचे धाकटे दीर, रघुनाथराव. त्यांनी चारही ओळी कापल्या आणि मला समोर बसवून म्हणाले, “वहिनी, आपल्या घरची बाई कधी रेकॉर्डावर गायली नाही. तो आवाज नागपूरच्या कोन्या बाईचा हाय. तुमचं आता वय झालं, म्हून तुम्हाले तो आपला वाटून राहिला.”

मला वाटून राहिला! गळा माझा, आणि मला वाटून राहिला!

तर मुकुंदा, मला एवढंच हवं आहे. गणपतीत, मंडपात, भोंग्यावरून, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं ते गाणं वाजलं पाहिजे आणि त्याच्यामागून माझं नाव. तुझं दुकानच आवाजाचं आहे, तुला जमेल. मी स्वतः आले असते, पण अंगणात घसरून पाय मोडला, प्लास्टर घालून खाटेवर आहे. उत्तर कलाबाईंच्या पत्त्यावर टाक. आमच्या घरचं टपाल आधी रघुनाथरावांच्या हातात पडतं आणि त्यांना वाचायची आवड फार.

तुझी आत्या,
जयवंता


पांढुर्णा, २ जुलै १९८६

आत्या,

नमस्कार. आंबे शाबूत पोचले, तबकडी नाही.

काठापासून पार मधल्या कागदापर्यंत तडा गेला आहे. तड्याची कड आतून ताजी काळी आहे, म्हणजे हा पराक्रम जुना नाही, आंब्यांचा आहे. आत्या, लाखेच्या तबकडीवर कोणी आंब्यांची अढी रचतं का? मी चिंधूवर ओरडलो तर तो म्हणाला, “म्या काय केलं? जयवंता आजी म्हने आंबे हायेत, तं म्या आंब्यासारखे आनले.”

दुसरी गोष्ट. उन्हाळ्यांनी ती वाकली आहे, पापडासारखी. तेही एक वेळ चालेल. पण तुझ्या गाण्याच्या बाजूच्या सगळ्या रेघा कशानेतरी बुजल्या आहेत. लाल, तेलकट, घट्ट थर आहे. मागच्या बाजूला कोणाची तरी सनई आहे, ती बाजू स्वच्छ आहे. तुझ्याच बाजूवर हा थर कसा? कोणी मुद्दाम रंग फासला का?

आणि हात जोडून एक सांगतो. तुझ्याकडे या तबकडीचा एखादा तुकडा, टवका राहिला असेल तर त्याला स्पिरिट लावू नकोस, रॉकेल लावू नकोस, चिंच लावू नकोस. लाख स्पिरिटात विरघळते. मग कुंकवासारखं काहीतरी उरेल आणि गाणं उरणार नाही.

बाबांनी मला यातलं अवाक्षर सांगितलं नव्हतं. आमच्या घरात हार्मोनियम होती आणि ती कोणी वाजवत नसे, एवढंच मला आठवतं. आता कळलं ती कोणासाठी ठेवली होती.

वंदना विचारते आहे की पाय कसा आहे, आणि लोणच्याला कैऱ्या आहेत का.

तुझा,
मुकुंद


सौंसर, ८ जुलै १९८६

मुकुंदा,

कैऱ्या संपल्या. पाय दुखतो. आता ऐक.

तो रंग नाही, कुंकूच आहे. गंध, हळद, कुंकू, अक्षता, सगळं आहे. आणि फासणारी मी.

फोनो विकल्यावर तबकडी मी कणगीमागे लपवली होती. पुढच्या दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, घरातल्या सगळ्यांनी आपापली हत्यारं पुसून पाटावर मांडली. मामंजींनी तराजू मांडला, आमच्या यजमानांनी वखराची लोखंडी पास, सासूबाईंनी विळी. मी बघत उभी राहिले. माझं हत्यार कोणतं? मग सगळे जेवायला बसल्यावर मी कणगीमागे गेले, तबकडीला गंध लावलं, हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं. तेव्हापासून एक वर्ष चुकवलं नाही. ज्या बाजूला माझं गाणं, त्याच बाजूला पूजा. त्या सनईची मी कशाला करू?

यजमान गेले त्या वर्षीही केली. घरात मला सगळे म्हणाले विधवेने कुंकवाला हात लावायचा नाही. मी म्हटलं स्वतःच्या कपाळाला लावत नाही, माझ्या हत्याराला लावते, आणि तेही त्यांना ऐकू जाणार नाही इतकं हळू म्हटलं. आता वाटतं मोठ्याने म्हणायला हवं होतं.

म्हणजे मामंजींनी एकदा सुई उचलली, आणि बाकीचं काम मी भक्तिभावाने पार पाडलं. हस तू, मीही खाटेवर एकटीच हसले. मग रागाने रडले. पण रडणं कालचं झालं. आज मला हे सांग की कुंकू निघतं की नाही. कापडावरून निघतं, पितळेवरून निघतं, मग लाखेवरून का निघणार नाही?

आंब्यांबद्दल बोलू नकोस. वर आंबे नसते तर रघुनाथरावांनी पेटी उघडून बघितली असती.

आत्या


पांढुर्णा, ३ ऑगस्ट १९८६

आत्या,

निघालं. सगळं नाही, पण निघालं.

रिठे भिजवून त्याचं पाणी गाळलं, गार करून त्यात तबकडी ठेवली, आणि बाबांच्या दाढीच्या जुन्या ब्रशाने रेघेच्या दिशेने, रेघेच्याच दिशेने, हळूहळू फिरवत राहिलो. पाणी लाल झालं की बदलायचं. वंदना म्हणाली, “मी कपडे धुताना इतका जीव लावला असता तं तुम्ही मले देवी म्हटलं असतं.” मग दोन काचांमध्ये धरून बंबाच्या शेजारी उबेला ठेवली. आषाढात ऊन कुठलं! जेमतेम सरळ झाली. तड्याला मागून मेण लावून ती दुसऱ्या एका फुटकळ तबकडीवर बसवली. सनई गेली. सनईवाल्याची क्षमा मागितली मनात.

आता वाजवायचं. सुई तड्यापाशी आली की उडी मारून शेजारच्या रेघेत जायची, तुझं एक कडवं अर्धं राहायचं आणि दुसरं मधूनच सुरू व्हायचं. शेवटी तबकडी निम्म्याहून कमी वेगाने फिरवली आणि स्पूलच्या टेपवर तशीच हळू भरली. मग टेप पूर्ण वेगाने सोडली की तुझा आवाज जागेवर येतो. प्रत्येक फेऱ्याला तड्याचा ‘टक’ असा ठोका पडतो. टेपचा तेवढा तुकडा ब्लेडने कापायचा आणि दोन्ही टोकं चिकटवायची. नखाएवढा तुकडा असतो. जरा जास्त कापला तर तुझा सूरच तुटतो. गेला आठवडाभर मी दुकानात बसून तुझ्या गळ्यातून ठोके काढतो आहे, आणि गिऱ्हाईक भजनाच्या कॅसेटसाठी ताटकळत आहेत.

काल पहिल्यांदा दोन कडवी सलग ऐकली.

निंबाच्या झाडाखाली भुलाबाईचा पाट,
सासूबाई, सोडा आता माहेराची वाट.

आत्या, मी रडलो. लपवून काय करू? मी तुला नेहमी रागावताना ऐकलं आहे, जेवायला वाढताना ऐकलं आहे, पण हा आवाज माझ्या आत्याचा आहे हे मला कोणी सांगावं लागलं नाही. ‘सोडा’ म्हणताना तू विनंती करत नाहीस, हुकूम सोडतेस. आमची अनुराधा आता अठराची आहे, ती बारावीची पुस्तकं टाकून दारात उभी राहून ऐकत होती.

शेवटचा भाग अजून राहिला आहे. मधल्या कागदाजवळ कुंकवाचा थर सगळ्यात जाड आहे. तिथे हळूच जाईन.

मुकुंद


सौंसर, ८ ऑगस्ट १९८६

मुकुंदा,

तुझं पत्र कलाबाईंनी मला तीनदा वाचून दाखवलं. मला वाचता येत नाही म्हणून नाही, ऐकावंसं वाटलं म्हणून. प्लास्टर निघालं आहे, काठी घेऊन ओसरीपर्यंत जाते.

आनंदाच्या भरात मी एक केलं आहे, ते तुला माहीत असलेलं बरं. रघुनाथराव दुकानातून जेवायला आले तेव्हा मी त्यांना सरळ सांगितलं की माझी तबकडी बोलायला लागली आहे. ते हात धूत होते. म्हणाले, “कोनती तबकडी? ते तं आबानं फोडली होती.” आबा म्हणजे आमचे मामंजी. मी म्हटलं, “फुटली नाही. पांढुर्ण्याले हाय. गाणं निघालं, आता नाव निघून राहिलं.”

तेव्हा ते पाटावर बसले आणि फार शांतपणे बोलले. ओरडले असते तर मला सोपं गेलं असतं. “ठीक हाय वहिनी. तबकडीतून तुमचं नाव निघालं तं स्मरणिकेत मी सोता माझ्या हातानं लिहीन. नाही निघालं तं हा विषय या घरात कायमचा बंद. मंजूर?”

मी म्हटलं, “मंजूर.”

सुनांनी ऐकलं, गड्यांनी ऐकलं, संध्याकाळपर्यंत मोहगावला माझ्या नणंदेलाही कळलं. बाजारातल्या बाया कलाबाईंना विचारतात, निघालं का नाव? त्यामुळे आता मागे फिरायला जागा नाही, आणि मला फिरायचंही नाही. मी माझ्या तोंडाने बोलले होते, दादाने कानाने ऐकलं होतं. तू फक्त कुंकू काढ.

गणपती सात सप्टेंबरला बसतात. सतराला विसर्जन.

आत्या


पांढुर्णा, ६ सप्टेंबर १९८६

आत्या,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. इकडे पाऊस चांगला आहे, कपाशी वर आली आहे. पोळ्याला लाउडस्पीकरची कामं फार होती. दुसऱ्या दिवशी गोटमारीची दगडफेक, त्यात दुकानाच्या फळीवर एक दगड आला, फळी बदलावी लागली. शेजारच्या भाऊरावांच्या डोक्याला टाके पडले, पण ते खुशीत आहेत. आता गणपतीची गडबड, रोज दोन-तीन मंडपांत जावं लागतं.

गाणं फार सुंदर साफ झालं आहे. एकूण एक कडवं. कॅसेटवर उतरवून ठेवलं आहे, म्हणशील तेव्हा पाठवतो. मला वाटतं, नुसतं गाणं ऐकलं तरी कोणालाही पटेल की आवाज तुझाच आहे. शेवटच्या भागाचं काम चालू आहे. तिथे जरा खरखर आहे.

वंदनाचा नमस्कार. पायाला जप.

मुकुंद


सौंसर, ९ सप्टेंबर १९८६

मुकुंद,

तुझा बापही असाच लिहायचा. अडचणीचं असलं की आधी पाऊस, मग कपाशी, मग कोणाच्या तरी डोक्याचे टाके.

महिनाभर तू गप्प, आणि आता ‘जरा खरखर आहे’. मी खरखरीचं विचारलं नव्हतं. नाव आहे की नाही? एका शब्दात लिही. दुसरा शब्द लिहिलास तर मी तो वाचणार नाही.

जयवंता


पांढुर्णा, १० सप्टेंबर १९८६

नाही.

आत्या, रागावलीस तरी पुढचं वाच. दहा ऑगस्टलाच मला कळलं होतं. मधला थर काढला, रेघा स्वच्छ दिसल्या, भिंगाने पाहिल्या. गाणं संपतं, पेटीचा शेवटचा सूर विरतो आणि रेघ मोकळी होऊन मध्याकडे पळते. त्या मोकळ्या रेघेत काही नाही. मी ती पुन्हापुन्हा वाजवली, हळू वाजवली, उलटी वाजवली. तू बोललीस यात मला शंका नाही. पण तू बोललीस तोवर त्या माणसाने यंत्र थांबवलं होतं. तबकडीत नाव कधी गेलंच नव्हतं.

म्हणजे बाबा तुला खोटं सांगत होते. जन्मभर. मी त्यांच्यावर फार चिडलो, आणि मग महिनाभर मी स्वतः तेच केलं. तुझ्या पैजेबद्दल वाचल्यावर तर माझा हातच चालेना.

आत्या, एक मार्ग आहे. अनुराधाचा आवाज तुझ्या तेव्हाच्या आवाजाला इतका जुळतो की वंदनाही फसली. तिच्याकडून मी “मी जयवंता, सौंसरची” एवढं म्हणवून घेतलं आहे. त्याच्यावर तबकडीची खरखर चढवली आणि गाण्याच्या शेवटी जोडलं. ऐकून पाहिलं. देवाशप्पथ, कोणाला कळणार नाही. तू जे खरंच बोलली होतीस तेच शब्द आहेत, मग यात खोटं ते काय? तू हो म्हण, पहिल्या बसने कॅसेट पाठवतो. तुला त्या घरात मान खाली घालावी लागलेली मला बघवणार नाही.

मुकुंद


सौंसर, १२ सप्टेंबर १९८६

मुकुंदा,

ती कॅसेट आधी पुसून टाक. मग हे पत्र पुढे वाच.

पुसलीस? बरं.

रघुनाथराव काय म्हणतात? तो आवाज दुसऱ्या बाईचा आहे म्हणतात. आणि तू माझ्या नावाला दुसऱ्या बाईचा आवाज लावून निघालास! माझी नात झाली म्हणून काय झालं? तिला तिचं नाव आहे, ते तिने सांगावं.

दादावर मी रागावले नाही असं नाही. काल दिवसभर त्याच्या फोटोकडे पाठ करून बसले. पण मला वाटतं, त्याला माहीत होतं की मी त्या एका ओळीवर उभी आहे, आणि ती काढून घ्यायची त्याला हिंमत झाली नाही. तुलाही झाली नाही. तुम्ही दोघांनी माझ्यावर फार माया केली, पण मी तुमच्या समजुतीपेक्षा घट्ट आहे रे. पडले नाही. जेवले, झोपले, सकाळी उठून रघुनाथरावांना सांगितलं, “भाऊजी, नाव निघालं नाही. पैज तुम्ही जिंकले.” त्यांनी मान हलवली. मला वाटलं होतं ते खूश होतील, पण ते जेवण अर्धं टाकून उठले. का, ते मला कळलं नाही आणि मी विचारलंही नाही.

आता माझं ऐक. नाव तबकडीत गेलं नाही कारण माणसाने यंत्र थांबवलं. तुझं यंत्र चालू आहे ना? मग मी येते. रविवारी सकाळच्या बसने येते. काठी आहे, कलाबाई सोबत आहेत.

कलाबाई म्हणत होत्या, घरी सांगा की जामसांवळीला मारुतीच्या दर्शनाला चालल्या, पायासाठी, कोणी अडवणार नाही. मी म्हटलं, नाही. मागच्या वेळी मावशीचं नाव सांगून गेले होते. एकदा लपून गायले त्याचीच फळं भोगते आहे. या वेळी अंगणात उभी राहून सांगणार.

मायक तयार ठेव.

आत्या


पांढुर्णा, १५ सप्टेंबर १९८६

आत्या,

काल तू बसमध्ये चढलीस आणि मी दुकानात परत आलो, तर अनुराधा मायकासमोर बसून आपलं स्वतःचं नाव भरत होती. मोठ्याने. मी यंत्र चालूच ठेवलं.

तू विचारलंस म्हणून पुन्हा सांगतो, एकदाच बोललीस आणि ते पुरेसं झालं. मी दुसऱ्यांदा भरू का म्हटलं तर माझ्यावर डोळे वटारलेस. कलाबाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं की निघताना रघुनाथरावांनी अंगणात विचारलं, “वहिनी, कुठं चालल्या?” आणि तू म्हणालीस, “पांढुर्ण्याले. रेकॉर्डिंगले.” आणि त्यांनी फाटक उघडून दिलं. रागाने उघडलं की मनापासून, ते कलाबाईंनाही कळलं नाही.

काल रात्रीपासून एकच गोष्ट मला खटकते आहे, ती लिहितो. गाणं आणि तुझं बोलणं यांचा जोड ऐकू येतो. एकीकडे तबकडीची खरखर, आणि एकदम स्वच्छ शांतता, आणि मग तुझा आत्ताचा आवाज, थोडा थकलेला, बसलेला. ज्याला कान आहेत त्याला लगेच कळेल. मी खरखर पुढेही चालू ठेवू शकतो, जोड बुजेल. तू काल नाही म्हणालीस, म्हणून तसाच ठेवला आहे. पण अजून वेळ आहे. चिंधू उद्या सकाळी माझ्याकडून भोंगे घेऊन तुमच्याच मंडपात येतो आहे, त्याच्याजवळ कॅसेट देतो. हे पत्र टपालात न टाकता बसच्या कंडक्टरजवळ देतो आहे, बदल हवा असेल तर आजच कोणाकडून तरी निरोप पाठव. इकडे मंडपांची कामं आहेत, मी येऊ शकत नाही याचं फार वाईट वाटतं.

मुकुंद


सौंसर, १८ सप्टेंबर १९८६

मुकुंदा,

निरोप पाठवला नाही, कारण बदल नको होता. जोड दिसला पाहिजे. गायली ती अठरा वर्षांची, बोलली ती आजची, आणि मधलं जे गेलं ते गेलं. ते मी कशाला बुजवू?

तू नव्हतास म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

मंगळवारी दुपारी मंडपात बायकांचं हळदीकुंकू होतं. त्या वेळेला मंडप बायकांचा असतो, अध्यक्षही दुकानात बसतात. मला बोलावणं कसं असणार? विधवा बाई. पण कलाबाईंनी घरी येऊन सगळ्यांसमोर मला बोलावलं आणि मी पांढरं लुगडं नेसून, काठी टेकत, पहिल्या रांगेत जाऊन बसले. दोघीतिघींनी तोंडं वाकडी केली. केली तर केली. उखाण्यांसाठी मायक लावला होता, एकेक सून येऊन लाजत नवऱ्याचं नाव घेत होती, भोंग्यावरून ते बाजारभर जात होतं. सगळ्यांचे झाल्यावर कलाबाईंनी चिंधूला खूण केली.

मुकुंदा, मी ते तुझ्या दुकानात ऐकलं होतं, पण मंडपात ऐकणं वेगळं. आवाज मंडपाशेजारच्या निंबावरून कापसाच्या बाजाराकडे गेला. समोरच्या पानवाल्याने रेडिओ बंद केला. दुसऱ्या कडव्यापासून म्हाताऱ्या बाया टाळी धरायला लागल्या. मोहगावची आमची नणंद, जिने माझ्याशी त्या तबकडीपायी दोन वर्षं अबोला धरला होता, तीही टाळी वाजवत होती. तोंड दुसरीकडे करून, पण वाजवत होती.

तिसऱ्या कडव्याला रघुनाथराव आले. दुकानातून तडक आले असावेत, पायात चप्पल नव्हती. बायकांच्या कार्यक्रमात पुरुषांनी आत येऊ नये हे त्यांना आठवलं, म्हणून ते चिंधूच्या टेबलापाशी बाहेरच थांबले. गाणं संपलं. खरखर थांबली. तू म्हणतोस ती शांतता इतकी लांब वाटली की मलाच भीती वाटली, कॅसेट अडकली का काय. चिंधूने बंद करायला हात पुढे केला.

आणि मग मीच मला ऐकू आले. “हे गाणं मी गायली. मी जयवंता. सौंसरची.”

कोणी टाळी वाजवली नाही. बाया एकमेकींकडे बघत होत्या. रघुनाथराव पुढे आले, अगदी मंडपाच्या कडेपर्यंत. त्यांचा चेहरा कसा होता ते मला नीट सांगता येणार नाही. रागच होता असं मी म्हणणार नाही. म्हणाले, “वहिनी, हा आवाज तं आत्ताचा हाय.”

मी उठले. काठी खुर्चीलाच राहिली. “हाव. आत्ताचा हाय.”

“म्हंजे तबकडीवर नाव नव्हतंच.”

“नव्हतं. आता हाय.”

“आपलं ठरलं होतं. विषय बंद.”

“घरात बंद, भाऊजी. घरात मी एक शब्द काढला का? हा मंडप हाय.”

ते गेले नाहीत. तिथेच खांबाला धरून उभे राहिले. मागून कोणीतरी बाई म्हणाली, पुन्हा लावा ना. मग दुसरी म्हणाली. मला वाटलं चिंधू आता अध्यक्षांकडे बघेल. मंडळ त्यांचं, भोंग्याचं काम त्यांनी दिलेलं.

त्याने कॅसेट मागे फिरवली आणि माझ्याकडे बघून विचारलं, “आजी, लावू?”

मी म्हटलं, “लाव. आन् आवाज वाढव.”

तुझी आत्या,
जयवंता